बेळगावच्या टिळकवाडीतलं फिजिओथेरपी सेंटर : खुब्याच्या जुन्या दुखण्यासाठी

गाडीवरून पडून खुब्याला मार बसला, हाड सांधलं, तरी महिनोन्‌महिने ठणका जात नाही, अशांनी इथं जरूर जावं. पहिल्याच दिवशी मशीन लावत नाहीत, ही मोठी जमेची बाजू. आधी एक्स-रे बघतात, मग दुखऱ्या पायावर उभं करून दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते का ते पाहतात. झुकली तर दुखऱ्या खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर आहे. दुखणं जांघेत असेल तर सांध्याचा संशय धरून हाडांच्या डॉक्टरांकडे परत पाठवतात, हे फार बरं.

मुख्य व्यायाम कुशीवरचा. दुखरी बाजू वर, गुडघे वाकवलेले, टाचा जुळवलेल्या. वरचा गुडघा सावकाश उघडायचा. १० वेळा, ३ फेऱ्या. इथंच बहुतेकांचं चुकतं : गुडघा जास्त उघडायच्या नादात कंबर मागे कलंडते आणि काम पाठच करते. म्हणून पाठ भिंतीला टेकवून करायला लावतात. असह्य दुखण्याला १० गुण धरले, तर दुखणं ३-४ च्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवावं. नाहीतर फेऱ्या कमी. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, मांडी घालून बसणं काही दिवस बंद.

उणीव एकच, पण खटकणारी : व्यायामाचा कागद इंग्रजीत. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या आजीनं तो कसा वाचायचा? मराठी-कन्नडमध्ये छापाच. संध्याकाळी गर्दी असते, सकाळची वेळ घ्या.