पहिला परदेश प्रवास: नेपाळ की श्रीलंका?

हरभरा घरात आला आणि कापसाचा हिशेब एकदाचा मिटला की आमच्या हिंगणघाटकडच्या घरांत एक विषय निघतो: आई-वडिलांना एकदा परदेश दाखवायचा आहे, तर कुठे न्यावे? नावे बहुधा दोनच पुढे येतात, नेपाळ आणि श्रीलंका. विदर्भातल्या माणसाला दोन्ही देश परके वाटत नाहीत. १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रीलंकेला गेले होते, आणि नागपूरच्या दीक्षेनंतर पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, ते काठमांडूच्या परिषदेत बोलले. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष श्रीलंकेतील अनुराधापुराच्या महाबोधी वृक्षाच्या फांदीपासून वाढवलेला आहे. त्यामुळे ज्या घरात लुंबिनीची ओढ असते, त्याच घरात अनुराधापुराचीही असते आणि निवड अवघड होते. मी दोन्ही ठिकाणी आई-वडिलांना घेऊन गेलो आहे, म्हणून फरक मांडतो.

पहिला फरक कागदपत्रांचा आहे आणि खेड्यातल्या कुटुंबासाठी तो सर्वांत मोठा आहे. नेपाळला जाण्यासाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही अनिवार्य नाही. निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. आधार कार्डावर मात्र अवलंबून राहू नये. पासष्टच्या वरच्या आणि पंधराच्या आतल्या व्यक्तींना छायाचित्र असलेले इतर ओळखपत्र म्हणून ते चालते, पण मधल्या वयाच्या माणसाला केवळ आधारावर विमानात बसता येत नाही. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातील ओळखपत्र घ्यावे लागते. श्रीलंकेसाठी पासपोर्ट हवाच, त्याची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी आणि निघण्यापूर्वी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. पासपोर्टचे शुल्क प्रौढांसाठी १,५०० रुपये आहे. खरा वेळ जातो तो नावे जुळवण्यात. माझ्या आईचे नाव आधारावर एक, बँकेच्या पुस्तकावर दुसरे आणि मतदार यादीत तिसरेच होते. ती दुरुस्ती होईपर्यंत एक पूर्ण हंगाम निघून गेला. ज्यांना श्रीलंकेला जायचे आहे त्यांनी पेरणीच्या आधीच सगळे कागद एकत्र मांडून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पासपोर्ट हातात असेल.

जाण्याच्या मार्गात श्रीलंका नेपाळपेक्षा सोपी आहे, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. हिंगणघाट, चंद्रपूर, बल्लारशाह ही स्थानके दिल्ली-चेन्नई या मुख्य लोहमार्गावरच आहेत. रात्र गाडीत काढावी, चेन्नईला एक दिवस थांबावे आणि तेथून सुमारे दीड तासाच्या विमानाने कोलंबोला उतरावे, इतका तो सरळ मार्ग आहे. श्रीलंकेची वेळही भारताचीच असल्यामुळे वडिलांच्या गोळ्यांचे वेळापत्रक बिघडत नाही. नेपाळसाठी नागपूरहून थेट गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या प्रवासाला जवळजवळ पूर्ण एक दिवस लागतो. तेथून सोनौलीची सीमा रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि सीमेपलीकडे लुंबिनी अगदी जवळ आहे. केवळ लुंबिनीच पाहायची असेल तर हा मार्ग उत्तम आणि स्वस्त आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. पोखऱ्याकडे आणि काठमांडूकडे जाणारे रस्ते घाटाचे आहेत. काठमांडू ते पोखरा हे अंतर सुमारे २०० किलोमीटरच असले तरी त्यात आठ तास सहज जातात. ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते त्यांच्यासाठी या टप्प्याचे विमानाचे तिकीट काढणे ही चैन नसून गरज आहे. हिमालयातल्या मुक्तिनाथ या तीर्थाचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ते ठिकाण ३,७०० मीटरहून उंच आहे. आपल्या सपाट मुलखातून एकदम तेथे गेलेल्या, रक्तदाब किंवा दमा असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बेत आखू नये.

आता हंगामाकडे वळू, कारण सहलीची शांतता शेवटी शेतावर ठरते. नेपाळसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ सर्वोत्तम मानला जातो. आकाश स्वच्छ असते आणि हिमशिखरे दिसतात. मात्र त्याच वेळी आपल्याकडे सोयाबीनची मळणी, कापसाची पहिली वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी एकाच वेळी अंगावर आलेली असते. शेत गड्याच्या भरवशावर टाकून काठमांडूत बसलेला माणूस दिवसातून दहा वेळा फोन करतो, हे मी स्वतः केले आहे, आणि त्या सहलीतले फोनच मला अधिक आठवतात. हरभरा आणि गहू निघाल्यानंतरचा, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ दोन्ही देशांना मानवतो. श्रीलंकेत तेव्हा मोसमी पाऊस नसतो. एप्रिलच्या १३-१४ तारखांना तेथे सिंहली-तमिळ नववर्ष असते, दुकाने बंद असतात आणि लोक गावी निघालेले असतात, म्हणून ते दिवस टाळावेत. मुलांच्या परीक्षांमुळे मे महिन्यातच निघणे भाग असेल तर लुंबिनीच्या तराईत आपल्यासारखेच ऊन असते, काठमांडूत ते सुसह्य असते आणि श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर महिन्याच्या अखेरीस पाऊस सुरू होतो. मे महिन्यात जाणाऱ्या कुटुंबाने काठमांडू खोऱ्यातच मुक्काम ठेवावा, असे माझे मत आहे.

जेवणाच्या बाबतीत नेपाळ निश्चितपणे सोपा आहे. दाल-भात-तरकारी सर्वत्र मिळते आणि ती आपल्या जिभेला ओळखीची वाटते. श्रीलंकेतही भात आणि भाज्या भरपूर असतात, पण नारळाच्या चटणीत वाळलेल्या मासळीचा चुरा घालण्याची पद्धत आहे. शाकाहारी माणसाने प्रत्येक वेळी विचारून घ्यावे.

यात्रा कंपनीबरोबर जावे की स्वतः, याचे उत्तर दोन्ही देशांसाठी सारखे नाही. नेपाळला आपल्या भागातून आचारी बरोबर घेऊन निघणाऱ्या यात्रांच्या बसेस असतात. त्यांत गावचीच माणसे आणि गावचेच जेवण मिळते, म्हणून म्हाताऱ्यांना एकटे वाटत नाही. मात्र पहाटे चारला उठवून एका दिवसात पाच ठिकाणे दाखवण्याचा वेग त्यांना झेपत नाही. श्रीलंकेत कुटुंबासाठी चालकासह गाडी ठरवणे सोयीचे पडते. अनुराधापूर, दंबुल्ल, कँडी हे टप्पे काही तासांचेच आहेत आणि थांबायचे कुठे, हे आपल्या हाती राहते. अनुराधापुरात अनवाणी चालावे लागते आणि दुपारी दगड तापतात, म्हणून सकाळी लवकर जावे आणि पायमोजे जवळ ठेवावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अपमान समजला जातो, हेही मुलांना आधी सांगून ठेवावे. पैशाचा एक मुद्दा सहसा कुणी सांगत नाही: परदेशी सहलीचे पॅकेज घेतले की कंपनी त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, आकारते. ती रक्कम आयकर विवरणपत्र भरून परत मिळवता येते. पण ज्यांचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे ते विवरणपत्र भरत नाहीत आणि पैसे तसेच अडकून राहतात. पॅकेज घेण्यापूर्वी ही रक्कम किती होईल आणि विवरणपत्र कोण भरून देईल, हे तालुक्याच्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

माझा कौल असा आहे. घरात कुणाकडेच पासपोर्ट नसेल, खर्च बेताचा असेल आणि मन लुंबिनीवर असेल, तर मार्चच्या अखेरीस नेपाळला जावे, पण लुंबिनी आणि काठमांडू एवढेच ठरवावे आणि मधला प्रवास विमानाने करावा. कागद तयार असतील आणि बरोबर सत्तरीच्या पुढची माणसे असतील, तर श्रीलंकाच निवडावी. कमीत कमी आठ दिवस ठेवावेत आणि त्यांतला एक पूर्ण दिवस अनुराधापुरात कुठलाही बेत न आखता मोकळा सोडावा. माझी आई त्या दिवशी महाबोधीच्या कठड्याजवळ, पांढऱ्या वस्त्रांतल्या सिंहली बायकांच्या रांगेत, दुपारच्या जेवणाला हाक मारेपर्यंत बसून होती.