सेकंड हँड ९९७ घेताना मीटर नका बघू, सिलिंडर बघा

पोर्शे ९११ ची ९९७ ही पिढी २००४ ते २०१२ अशी बनली आणि दोन लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही. तरी ती भाव धरून आहे. तिच्यानंतरच्या ९९१ ला इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलं आणि अंगानेही ती वाढली. आधीच्या ९९६ चे ते अंडं फुटल्यासारखे हेडलाइट फारसे कुणाला रुचले नव्हते. मधली ही गोल डोळ्यांची, आटोपशीर, हायड्रॉलिक स्टिअरिंगची. चालवायला आजही लाजवाब, त्यात वाद नाही. वाद आहे तो किमतीचा, कारण ९९७ या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या घराण्यांची इंजिनं विकली गेली, आणि जाणकार गिऱ्हाईक पैसे मोजतं ते इंजिनाचे.

९९७ दोन फेऱ्यांत बनली. पहिल्या फेरीतल्या कॅरेराला, म्हणजे साध्या मॉडेलला, ३.६ लिटरचं ३२५ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) इंजिन होतं, कॅरेरा एसला ३.८ लिटरचं ३५५ पीएसचं. गंमत अशी की महागड्या एसलाच धोका जास्त. या इंजिनात सिलिंडरची भिंत लोखंडी नाही, सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची आहे. पिस्टनच्या अंगावरचं कोटिंग उडालं की अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घासतं आणि भिंतीवर उभे ओरखडे पडतात. यालाच बोअर स्कोरिंग म्हणतात. गार इंजिन चालू केल्या केल्या पिळलं, किंवा एखादा इंजेक्टर टिपकत राहिला आणि पेट्रोलने ऑइलचा थर धुऊन नेला, की सुरुवात होते. बहुतेक वेळा बँक २, इंजिनाची एक बाजू, मार खाते, म्हणजे ४, ५ आणि ६ नंबरची सिलिंडरं.

लक्षणं ओळखायला टेस्टर लागत नाही. गार इंजिनाची टिकटिक या गाड्यांत असतेच, पण इंजिन पूर्ण तापल्यावरही ती राहिली तर कान टवकारा. दोन्ही बाजूंच्या सायलेन्सरच्या नळीत पांढरा रुमाल फिरवा. एका बाजूला कोरडी राखाडी पूड आणि दुसऱ्या बाजूला तेलकट काळी काजळी आली, तर तिथेच थांबा. मालक 'ऑइल थोडं पितं, पण पोर्शे पितातच' असं म्हणत असेल तर किती किलोमीटरला किती, हे विचारा. तरी खात्री कॅमेऱ्यानेच होते. प्लग काढून, पिस्टन खाली नेऊन बोअरोस्कोप, म्हणजे नळीचा बारीक कॅमेरा, आत घालायचा. प्लगच्या भोकातून सगळी भिंत दिसत नाही, म्हणून खालून ऑइल पॅन उतरवून बघणारा मेकॅनिक मिळाला तर जास्तीचे पैसे द्या. पॅनमध्ये चकाकणारा चुरा दिसला तर पुढचं काही बघायची गरज नाही. दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवून, उकलून, सहाही सिलिंडरांना निकासिलचा (निकेलचा कडक) मुलामा दिलेले लायनर. एवढं काम नामांकित ठिकाणी झालेलं असेल आणि बिलं, फोटो सोबत असतील, तर अशी गाडी न उघडलेल्या गाडीपेक्षा चांगली समजा. बाजारही हल्ली तसंच समजतो.

आयएमएस बेअरिंगचा बोभाटा त्या मानाने जास्त झाला. क्रँकची फिरकी कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्टचं (आयएमएस) ते बेअरिंग ९९६ वर आणि अगदी सुरुवातीच्या ९९७ वर लहान होतं. गेलं की टायमिंग सुटतं आणि इंजिन संपतं. पुढे मोठं बेअरिंग आलं, ते क्वचितच जातं, पण इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बदलताही येत नाही. क्लच बदलताना गिअरबॉक्स खाली येतोच, तेव्हा या बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकतात, म्हणजे इंजिनाचं ऑइल आत पोचतं. त्याच वेळी क्रँकचं मागचं सीलही बदलून घ्यायचं. मजुरी एकदाच पडते.

दुसऱ्या फेरीत, म्हणजे मॉडेल वर्ष २००९ पासून, कॅरेराचं इंजिन मुळापासून नवीन: डायरेक्ट इंजेक्शन, ३४५ आणि ३८५ पीएस, आणि आयएमएस हा भागच नाही. टिपट्रॉनिक हा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाऊन सात गिअरचा, दोन क्लचचा पीडीके आला. मागचे दिवे एलईडीचे, पण दिवे काय, बदलताही येतात. चासी नंबरचं दहावं अक्षर बघा: कॅरेरासाठी ९, ए, बी किंवा सी असेल तर दुसरी फेरी. इथे दुखणी किरकोळ आहेत. हाय प्रेशर फ्युएल पंप गेला की स्टार्टर लांबत फिरतो, वॉटर पंप झिरपतो, इग्निशन कॉइलना चिरा जातात. पीडीके मात्र टेस्ट ड्राइव्हमध्ये नीट तपासा. तो बिघडला की अनेक ठिकाणी अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगतात.

टर्बो आणि जीटी३ हे तिसरं घराणं. पहिल्या फेरीतल्या टर्बोत आणि सगळ्याच जीटी३ मध्ये मेत्सगर इंजिन आहे, पोर्शेचे इंजिनिअर हान्स मेत्सगर यांच्या नावाने ओळखलं जाणारं. रेसिंगमधून आलेलं, आयएमएसचं दुखणं नाही. याची एकच खोड: कूलंटच्या नळ्या हाउसिंगमध्ये गोंदाने चिकटवलेल्या असतात, उष्णतेने गोंद सुटतो आणि धावत्या गाडीचं पाणी एकदम रस्त्यावर येतं. त्या पिन किंवा वेल्ड केल्याचं बिल मागा. भाव खऱ्या अर्थाने चढला तो इथेच. २०११ ची जीटी३ आरएस ४.० फक्त ६०० बनली, ती आता गाडी कमी आणि तिजोरीतला ऐवज जास्त.

आता मीटरचं. पोर्शेच्या टेस्टरवर किंवा लॅपटॉपला जोडायच्या ड्युरामेट्रिक केबलने ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, रिपोर्ट काढा. त्यात इंजिन एकूण किती तास चाललं ते येतं. मीटरवरच्या किलोमीटरला तासांनी भागा. साधारण ३० ते ५० आलं तर ठीक, मुंबईच्या ट्रॅफिकमधली गाडी २० दाखवेल. १० आलं तर मीटर मागे फिरवलाय असं धरून चाला. त्याच रिपोर्टमध्ये ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याच्या, नोंदी असतात. पहिल्या फेरीच्या गाड्यांत ६ टप्पे. खालचे टप्पे लिमिटरला टेकल्याने भरतात, ते चालतं. ४ च्या वरचे टप्पे पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला की भरतात, आणि त्याचा मार थेट व्हॉल्व्हना. नोंद शेवटची कितव्या तासाला झाली तेही दिसतं. त्यानंतर गाडी शेकडो तास बिनतक्रार चालली असेल तर घाबरू नका.

कमी किलोमीटरची गाडी म्हणून जास्त पैसे देणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. उभ्या गाडीची सीलं सुकतात आणि टायर नक्षी शाबूत असतानाच दगड होतात. टायरवरचे चार आकडे वाचा, शेवटचे दोन म्हणजे साल. बॅटरी मेली तर वेगळीच फजिती. ती पुढच्या डिकीत, आणि डिकीची कडी विजेवर! मग पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधला पॉझिटिव्हचा खिळा बाहेर ओढून, अर्थ दाराच्या कडीच्या लोखंडाला लावून बाहेरून करंट द्यावा लागतो. चार्जर लावून ठेवणं स्वस्त.

ऑइल मोजायला दांडी नाही, लेव्हल स्क्रीनवर बघायची, तीही गाडी सपाट जागी असताना. उतारावर बघून वरपर्यंत भरणारे खूप. जास्तीचं ऑइल सेपरेटरमधून (हवेतलं ऑइल वेगळं करणारा भाग) इनटेकमध्ये ओढलं जातं आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट येतो. आपल्या पावसात बंपरच्या दोन्ही तोंडांत पाला आणि चिखल साचून एसीचे कंडेन्सर कुजतात, म्हणून वर्षातून एकदा बंपर उतरवून धुवा.

भारतात हिशेब थोडा वेगळा. इथे आलेली प्रत्येक ९९७ आयात, त्यामुळे पहिल्या मालकाने ड्युटी भरली आणि ती त्याच्याच खिशातून गेली. तुमच्या हाती राहतात ते सुटे भाग, तेही आयातच. सुरुवातीच्या गाड्यांचं १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन संपलंय. आयात चारचाकीच्या नूतनीकरणाची केंद्राची फी ४०,००० रुपये, आणि २० वर्षं उलटली की ८०,०००. उशीर झाला तर महिन्याला ५०० वर. ग्रीन टॅक्स वेगळा. बाहेरच्या राज्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते ती उगीच नाही. महाराष्ट्रात आयात गाडीचा रोड टॅक्स २० टक्क्यांच्या घरात आहे, तेव्हा फॉर्म २८ ची एनओसी हातात येऊन आरटीओत टॅक्स किती बसेल हे कळेपर्यंत टोकन देऊ नका. लोन असलेल्या गाडीला बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागतो.

एकच निवडायची तर दुसऱ्या फेरीची साधी ३.६, मॅन्युअल. एसच्या ४० पीएसची उणीव घाटात जाणवत नाही आणि विकायला काढली की फोन येतात. सोबत डिफरेन्शियल लॉक असेल तर उत्तम. डिकीच्या झाकणाखालच्या स्टिकरवर २२० हा कोड शोधा. ४५० दिसला तर सिरॅमिक ब्रेक, त्या डिस्कच्या किमतीत दुसरी गाडी येईल, तेव्हा कडांचे टवके आधी तपासून घ्या. पहिल्या फेरीची टिपट्रॉनिक सगळ्यात स्वस्त मिळते आणि विकतानाही सगळ्यात स्वस्तच जाते. रोज वापरणार असाल, आणि कॅमेऱ्यात सहाही सिलिंडरं स्वच्छ दिसली असतील, तर खुशाल घ्या.