मृग ते मृग: सायकलनं नोकरीला जाण्याचं एक वर्ष

गेल्या वर्षी मृग लागला त्याच आठवड्यात माझी स्कुटी बसली. मिस्त्रीनं इंजिनच्या कामाचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि शेडमध्ये लोटून दिली. मुलगा हॉस्टेलला गेल्यापासून त्याची गीअरची सायकल ओसरीवर धूळ खात होती. म्हटलं, पैसे जमेपर्यंत हिच्यावरच जाऊ. पैसे दिवाळीत जमले. स्कुटी अजून ताडपत्रीखालीच आहे.

माझं गाव हिंगणघाटच्या पश्चिमेला आहे. नोकरी एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात, काटापावत्या आणि हिशेब. जायला नऊ किलोमीटर, यायला नऊ. गावापासून फाट्यापर्यंत सव्वा किलोमीटर पांदण, पुढे डांबरी, मध्ये नाल्यावरचा रपटा म्हणजे बुटका पूल आणि शेवटचं दीड किलोमीटर ट्रकांच्या संगतीत. वय बेचाळीस, कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. पहिले चार दिवस जिना उतरताना मांड्या बोंबलायच्या, आठवड्यानं त्याही गप्प झाल्या. आता सकाळी चाळीस मिनिटं लागतात, संध्याकाळी पन्नास. कारण पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे घरी जाताना नेमका तोंडावर. ऊनही तसंच. सकाळी पूर्वेला जायचं, सूर्य डोळ्यांत. संध्याकाळी पश्चिमेला यायचं, परत डोळ्यांत. अशा दिशेला गाव वसवणाऱ्यांना हात जोडावेसे वाटतात.

आधी मुलाच्या गीअरवालीबद्दल, कारण दुकानात तुम्हाला आधी तीच दाखवतील. एकवीस गीअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, रस्ता कोरडा असेपर्यंत, मला ती फार आवडली. मग पाऊस आला. आमच्याकडची काळी माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, हा चिखल नुसता लागत नाही, तो धरतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला थरावर थर चढतात. पंधरा-वीस पावलांत टायर दुप्पट जाड होतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. गीअरवालीच्या मागच्या चाकाजवळ चेन ताणून धरणारं ते लोंबतं यंत्र असतं ना, आमचा मिस्त्री त्याला लटकन म्हणतो, त्यात माती आणि गवत गेलं की चेन कचकन अडकते. एकदा मी तशीच पायडल दाबली तर लटकन वाकून स्पोकांत गेलं. त्या दिवशी सायकल माझ्यावर बसून फाट्यापर्यंत आली. शिवाय मडगार्ड नाही, म्हणून ड्रेसच्या पाठीवर रोज चिखलाची शेपटी. वजनकाट्यावरचा पोरगा एक दिवस म्हणाला, "मॅडम, आज वावरातून आल्या का?"

एकवीस गीअरपैकी मी तीनच वापरले. आमच्याकडे चढ आहे कुठं?

पोळ्याच्या आधी साधी लेडीज सायकल घेतली. काळी, बिनगीअरची, सव्वीस इंची, सहा हजार दोनशेला. पुढे टोपली, मागे कॅरिअर, पत्र्याचे मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्डची जाळी. दुकानदारानं जाळी आणि कव्हरबद्दल अवाक्षर काढलं नाही, स्टिकर मात्र तीनदा दाखवले. मला विचाराल तर पैसे त्या दोन गोष्टींचेच होते. ओढणी चाकात जाणं म्हणजे काय हे मी गीअरवालीवर एकदा अनुभवलंय. गळ्याला नुसता हिसका बसला, मी हळू होते म्हणून वाचले. आता जाळी असली तरी ओढणी कमरेला बांधूनच बसते.

या साडेनऊ महिन्यांत साधारण साडेतीन हजार किलोमीटर झाले असतील.

चिखलाचा प्रश्न मात्र या सायकलनंही सोडवला नाही. उलट पत्र्याच्या मडगार्डमध्ये माती जास्तच बसते, कारण टायर आणि पत्र्यात जेमतेम बोटभर जागा. पहिल्या पावसात रस्त्यावर बसून कोरत बसले होते. शेजारच्या वावरातल्या आजोबांनी कुंपणातली एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, ओढून दिली. म्हणाले, "हे ठेव कॅरिअरले बांधून. लोखंडानं खरडशीन तं रंग जाईन." तेव्हापासून हातभर तुराटी कॅरिअरला असतेच. मोडली की नवी, वावरात काय कमी आहेत? खरा उपाय मात्र वेगळाच निघाला. भर पावसाळ्यात सायकल घरी आणायचीच नाही. फाट्यावरच्या टपरीमागे साखळीनं बांधायची, चपला हातात घ्यायच्या आणि सव्वा किलोमीटर पायी. टपरीवाल्या भाऊंनी एक पैसा घेतला नाही, मी चहा पिते तेवढंच.

रपट्याचं काय सांगू. जोराचा पाऊस झाला की त्यावरून पाणी जातं. सप्टेंबरमध्ये एकदा मला उशीर झाला होता, पाणी जेमतेम घोट्याएवढं दिसत होतं आणि मी सायकल हातात धरून उतरलेसुद्धा. चार पावलांत पुढचं चाक आपोआप खालच्या बाजूला सरकायला लागलं. पलीकडून एक बंडीवाला ओरडला, "बाई, जाऊ नोका! घोट्याभर दिसते, पण ओढ हाये." त्याचे बैलही थांबले होते, मग मीही मागे फिरले. दोन तास निंबाखाली बसून काढले. पगारातून अर्धा दिवस गेला, जाऊ दे.

पावसाळा संपला की काटे. हा भाग सविस्तर सांगते, कारण सायकल सोडून देणारे बहुतेक लोक पंक्चरला कंटाळूनच सोडतात. कुंपणाला बाभळीच्या फांद्या तोडून नेतात आणि बंडीतून काटे रस्ताभर सांडत जातात. बाभळीचा काटा निदान दिसतो, पांढरा आणि बोटाएवढा लांब. सराटे दिसत नाहीत. दिवाळीनंतर ते वाळून मातीच्या रंगाचे होतात आणि कसेही पडले तरी एक टोक वर ठेवूनच पडतात. या मोसमात मला अकरा पंक्चर झाले. पहिले चार दुकानात काढले, तीस रुपयांनी. दोनदा असं झालं की पंक्चर काढून आणलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा हवा गेली. मी पंक्चरवाल्याला मनातल्या मनात भरपूर नावं ठेवली. पण काटा टायरमध्येच मोडलेला होता, आतल्या बाजूनं त्याचं टोक केसाएवढं बाहेर. बोट फिरवून लागत नव्हतं, आणि लागलं की रक्तच.

उपाय माझ्या टेबलावरच होता. नमुन्याला आलेल्या रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, एक पुंजका घेतला आणि टायरच्या आतून हलक्या हातानं फिरवला. जिथं टोक होतं तिथं रुईचा एक धागा अडकून राहिला. बारीकसा, पांढरा. तिथं पक्कड लावली, काटा बाहेर. घरी कापूस असेल तर तोही चालतो, सरकी काढून घ्या म्हणजे झालं. मग ट्यूब बादलीत बुडवायची, बुडबुडे येतात तिथं खूण करायची, घासपेपरनं घासायची, सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. मी सुरुवातीला सोल्यूशन ओलं असतानाच पॅच दाबत होते, तो चिकटतच नाही. बोटाला कोरडं लागलं की मगच दाबायचा. आता वीस मिनिटांत काम होतं, आणि फाट्यावरची पोरं पाहायला गोळा होतात.

या रुईचा दुसरा गुण मात्र वाईट. जिनिंगच्या आवारात सीझनमध्ये हवेतच रुई उडते. चेनला तेल जास्त झालं की ती चिकटते, तेलात माखून काळी दोरी होते आणि फ्रीव्हीलमध्ये गुंडाळली जाते. पूर्ण कव्हरमुळे पुष्कळ वाचलं, तरी जानेवारीत मागचं चाक जड फिरायला लागलं, उघडलं तर आत चक्क वात वळलेली. तेव्हापासून तेल दोन थेंब, आणि लगेच फडक्यानं पुसून.

सीझनमध्ये रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. कापूस इतका फुगवून भरलेला की दोन्ही बाजूंनी लोंबतो आणि कडेच्या बाभळींना लटकून राहतो. डिसेंबरात त्या बाभळी पांढऱ्या फुललेल्या वाटतात. दिसायला छान, पण त्या ट्रॉलीच्या बाजूनं जाताना ड्रायव्हरला आपण दिसत नाही हे धरूनच चाला. मी उतरून कडेला उभी राहते. मडगार्डला आणि कॅरिअरला चमकणारी पट्टी लावलीय, साठ रुपयांची. साडेचारशेच्या चार्जिंगच्या दिव्यापेक्षा हिचा उपयोग जास्त वाटतो. दिवा मला खड्डे दाखवतो, पट्टी मला दुसऱ्यांना दाखवते. अंधार पडता पडता रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो, तेव्हा मात्र दिवा हवा. तो उडी मारून गेला की लगेच निघू नका, मागे आणखी दोन-तीन असतात. वाघाचे मेसेज दर हिवाळ्यात मोबाइलवर फिरतात. मला अजून कुत्र्यांशिवाय कोणी भेटलं नाही. कुत्रं मागे लागलं की पायडल मारणं थांबवते आणि हळू होते, ते आपोआप कंटाळतं.

बोलणाऱ्यांचं म्हणाल तर पहिले तीन महिने जीव नकोसा झाला. "स्कुटी विकली का?" "घरी काही अडचण हाय का?" सासूबाईंना तर दुकानात कोणीतरी विचारलं, सुनेचा पगार थांबला का म्हणून. त्यांनी काय उत्तर दिलं माहीत नाही, पण त्या दुकानातून आता किराणा येत नाही. सोबत मिळाली ती शाळेच्या मुलींची. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्या घेऊन पाच-सहा जणी सकाळी फाट्यावर असतात. "काकू, आज लेट!" म्हणून ओरडतात. त्यांची शाळा रपट्याच्या पुढे लगेच, तेवढा रस्ता बोलत संपतो. त्यांच्या सायकलींना हवा भरायचा पंप माझ्याच टोपलीत असतो.

उन्हाळ्यात ही सायकल चालवा असं मी कोणाला सांगणार नाही. मार्च निभतो. एप्रिलपासून सकाळी साडेसहाला निघते आणि संध्याकाळी साडेसहाशिवाय निघत नाही, तरी डांबरातून वाफ तोंडावर येते. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की डोक्याला दुपट्टा, पाण्याच्या दोन बाटल्या, डब्यात कांदा आणि ताक. सायकल टिनाच्या शेडमध्ये ठेवली तर रेक्झिनच्या सीटवर बसवत नाही, आणि ट्यूबचे जुने पॅचही उन्हानं सुटतात. दोन सुटले. निंबाखाली लावायची, ऑफिसात कोणी कितीही हसो. नवतपात नऊ दिवस मी काळीपिवळीनं गेले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खर्चाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. चार पंक्चर, दोन ट्यूब, ब्रेकरबराचे तीन जोड, मागचे चार स्पोक, पायडलच्या धुरीचे छर्रे आणि मागचा टायर, सगळं मिळून बाराशेच्या आत. स्कुटीला महिन्याला हजाराचं पेट्रोल लागायचं. त्या हिशेबानं सायकल, दिवा आणि पट्टी गुढीपाडव्याच्या सुमारास फुकट झाली. सीट मात्र कंपनीची टिकणारी नाही, स्प्रिंग चार महिन्यांत कुरकुरायला लागली. अजून कुरकुरते, कुत्र्यांना दुरूनच कळतं.

त्या टायरवरून एक गोष्ट मात्र लिहून ठेवा. एप्रिलमध्ये टायर घासला, दुकानात "सव्वीसचा द्या" म्हटलं. दिला. घरी आणून तासभर झटले, रिमवर चढेचना, लहानच पडत होता. मुलाच्या सायकलच्या चाकाशी लावला तर तिथं बरोबर. दोन्ही सव्वीसच म्हणवतात, पण लेडीज सायकलचा २६ × १ ३/८ आणि गीअरवालीचा २६ × १.९५ यांच्या रिम वेगळ्या. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दुसरा आकडा असतो, माझ्या जुन्या टायरवर ३७-५९० होता, त्यानं दिलेल्यावर शेवटी ५५९. तो आकडा जुळला तरच पैसे द्या. दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत होत नाही. चिखल सोडाच, मी त्यावर हवासुद्धा भरली नव्हती. तो टायर अजून ओसरीवर आहे, मुलाच्या सायकलला होईल म्हणून.

परवा दोन सरी येऊन गेल्या. काल मागच्या मडगार्डच्या सळ्या ढिल्या करून तो आणखी बोटभर वर घेतला. आता खडखड वाजतो, पण मधून तुराटी आरपार जाते.