जुन्या मॅक्रो लेन्सच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

साक्री तालुक्यातील आमच्या शेतात बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला फेब्रुवारीत पांढरे गोंडे आले, की ऊन जरा तापताच त्यांवर फुलोरी माश्यांची, म्हणजे छोट्या मधमाश्यांची, ये-जा सुरू होते. जेमतेम आठ मिलिमीटरची ही माशी आणि तिच्या मागच्या पायावरचा परागाचा गोळा जवळून टिपता यावा, यासाठी मी निकॉनची जुनी, हाताने फोकस करायची ५५ मि.मी. एफ/२.८ मायक्रो लेन्स शोधत होतो (जवळून छायाचित्रे घेण्याच्या मॅक्रो लेन्सला निकॉन मायक्रो म्हणते). ही लेन्स एकटी कॅमेऱ्याच्या सेन्सरवर वस्तूची प्रतिमा वस्तूच्या निम्म्या आकारात देते आणि कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये २७.५ मि.मी.ची नळी जोडली, की पूर्ण आकारात.

मोबाइलवरील जाहिरातीतून एक विक्रेता भेटला. आपण स्टुडिओ बंद करत आहोत, असे त्याने सांगितले आणि सहा सुंदर छायाचित्रे पाठवली. एका छायाचित्रात, प्रकाश आत येण्याचे छिद्र लहान-मोठे करणारी कडी ३२ वर, म्हणजे सर्वांत लहान छिद्रावर होती आणि ते छिद्र घडवणारी आतली पाती व्यवस्थित मिटलेली दिसत होती. तेवढ्यावर विश्वास ठेवून मी ९,५०० रुपये आगाऊ पाठवले.

लेन्स आली, पण एफ/११ वर, म्हणजे छिद्र लहान ठेवून घेतलेले प्रत्येक छायाचित्र पांढरेफटक येऊ लागले आणि माशीचा डोळा स्पष्ट असला, तर मिशा धूसर येत. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून पाती उघडणारा मागचा खटका दाबून सोडला, तेव्हा कारण कळले. जी पाती क्षणार्धात मिटायला हवीत, ती रांगत रांगत मिटत होती, कारण आतले वंगण पातळ होऊन त्यांच्यावर पसरले होते. त्यामुळे छायाचित्र निघेपर्यंत छिद्र उघडेच राहत होते. प्रतिमा पूर्ण आकारात असताना उघड्या छिद्रावर अर्धा मिलिमीटर खोलीसुद्धा स्पष्ट येत नाही, मग अख्खी माशी कुठून येणार? विक्रेत्याचे छायाचित्र खोटे नव्हते. पाती मिटायला किती वेळ लागतो, हे स्थिर छायाचित्रात दिसूच शकत नाही आणि त्याने नेमका याचाच फायदा घेतला. पुढे अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरल्यावर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशीही दिसली.

तक्रार करताच तो फार नम्रपणे बोलला आणि परताव्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकल्यावर माझ्याच खात्यातून आणखी ४,००० रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो, हे मला ठाऊक असूनही रागाच्या भरात सुचले नाही. मी त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. रक्कम अद्याप परत आलेली नाही.

आता कोणतीही जुनी लेन्स घेताना मी छायाचित्रांऐवजी सलग चित्रफीत मागतो: अंधारात मागून टॉर्च धरून काचेतून आरपार दाखवलेली, खटका पाच-सहा वेळा दाबून सोडलेला आणि फोकसची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलेली. गेल्या महिन्यात दोन विक्रेत्यांकडे अशी चित्रफीत मागितली. एकाने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने तासाभरात पाठवली, तरीही मी पैसे त्याच्या घरी जाऊन, लेन्स स्वतः उजेडात धरून पाहिल्यावरच दिले.