दिवा लागतो, पण पुढची चाके ओढत नाहीत: जुन्या फोर बाय फोरचे अकरा महिने

ही डिझेल फोर बाय फोर मी गेल्या जूनमध्ये दुसऱ्या हातची घेतली. तेव्हा ती ९२,००० किलोमीटर चालली होती आणि आजवर त्यात १४,००० ची भर पडली आहे. वेल्ह्याच्या बाजूला आमची भातखाचरे आहेत आणि डांबरी रस्ता संपल्यावर शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात निव्वळ चिखलाचा असतो. एवढ्या दीड किलोमीटरसाठीच ही गाडी घेतली होती. त्यामुळे आसने, गाणी, वातानुकूलन यांविषयी येथे लिहीत नाही. ते सारे ठीक आहे.

गाडीतील व्यवस्था अशी आहे. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. डॅशबोर्डवरील बटण ‘४ एच’वर (चारही चाके, नेहमीचा वेग) फिरवले की ट्रान्स्फर केसवरची, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवरची, छोटी विजेची मोटर आतला गिअर सरकवते आणि पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्ट, मागच्याशी जोडला जातो. मात्र एवढ्याने काम होत नाही. पुढच्या चाकांचे हब (चाकाच्या मध्यभागातील जोड) एरवी मोकळे असतात आणि ते एक्सल शाफ्टशी, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याशी, जोडण्याचे काम व्हॅक्यूम (निर्वात ओढ) करतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा आयता व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा पंप असतो आणि त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टरही चालतो. पंपापासून सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप), तिथून रबरी नळी, पुढे नळीला दोन फाटे फोडणारा टी-जोड आणि मग दोन बाजूंचे दोन हब असा हा प्रवास आहे.

जुलैच्या मध्यात, लावणीच्या ऐन दिवसांत, गाडी चढावर अडकली. बटण फिरवले, खालून मोटरचा ‘घर्र’ आवाज आला, डॅशबोर्डवरचा ‘४ एच’चा दिवा दोन-तीन वेळा लुकलुकून स्थिर झाला, आणि तरीही मागचीच चाके जागच्या जागी फिरत राहिली. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढले, ते ऐकून घ्यावे लागलेल्या शेऱ्यांसह.

गॅरेजमध्ये पहिले निदान झाले ते शिफ्ट मोटर गेल्याचे, आणि नव्या मोटरचा खर्च पाच आकडी सांगण्यात आला. मला ते पटले नाही. मोटर अडकली असती किंवा तिच्या आतल्या स्थिती-सेन्सरमध्ये दोष असता, तर दिवा लुकलुकतच राहिला असता. येथे तो स्थिर होत होता. हा दिवा ट्रान्स्फर केसमध्ये गिअर जुळल्याची खबर देतो, हब जुळले की नाही हे त्याला कळतच नाही, ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर माझे दोन आठवडे वाचले असते.

मग घरीच तपासणी केली. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून ‘४ एच’ लावले आणि पुढचे एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. हब जुळले असतील तर चाक एक्सल शाफ्टला अडकून हाताने फिरत नाही, ते अडते का, एवढेच पाहायचे होते. चाक सहज फिरले, शाफ्ट मात्र हललाही नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच दिसले. दोन्ही हब एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता कमी, म्हणजे दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात, टी-जोडाच्या अलीकडे असणार. ब्रेकचे पेडल नेहमीसारखे हलके होते, त्यामुळे पंपावरही संशय उरला नाही.

सोलेनॉइडवरून निघणारी रबरी नळी जिथे लोखंडी नळीवर चढते, तिथे इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होऊन तडकली होती. तडा एवढा बारीक होता की नळी वाकवल्याशिवाय तो दिसला नाही. तडकलेले टोक बोटभर कापून नळी पुन्हा चढवली, आणि चाक एक्सल शाफ्टशी जुळून हाताने फिरेनासे झाले. पुढच्या आठवड्यात मीटरने मिळणारी नवी नळी आणून सगळीच बदलली. तीनशे रुपयेही लागले नाहीत.

डिसेंबरमध्ये पुन्हा एकदा बिघाड झाला, पण या वेळी दिवा लुकलुकत राहिला आणि मोटरचा आवाजच आला नाही. फ्यूज शाबूत होता. मोटरच्या कनेक्टरमध्ये पावसाळ्याचे पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या साफ केल्यावर प्रश्न मिटला.

एक चूक मात्र माझीच होती. मागचे दोन टायर नवे घातले आणि पुढचे झिजलेले तसेच ठेवले. या प्रकारच्या गाडीत मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या वेगातला फरक सामावून घेणारे गिअर) नसते, त्यामुळे ‘४ एच’मध्ये पुढचे आणि मागचे शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात, आणि टायरच्या घेरातला थोडा फरकही गिअरवर ताण आणतो. फेब्रुवारीत ‘४ एच’मधून बाहेर यायला गाडी तयार होईना, आठ-दहा फूट सरळ रिव्हर्स घेतल्यावर ती सुटली. कोरड्या डांबरावर ‘४ एच’ लावू नये, याचेही कारण हेच आहे. चारही टायर बदलल्यापासून हा त्रास नाही.

‘४ एल’बद्दल (चारही चाके, कमी वेग पण जास्त ओढ) तक्रार नाही. पुस्तिकेप्रमाणे गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबला की ते लागते. घाई केली तर लागत नाही.

व्हॅक्यूमचे हब काढून हाताने फिरवायचे हब बसवावेत, असा सल्ला मला अनेकांनी दिला. त्यांत नळी नाही, म्हणून हा बिघाडही नाही, हे खरे आहे. परंतु भर पावसात, घोटाभर चिखलात उतरून दोन्ही बाजूंचे हब फिरवायचे, आणि डांबरावर आल्यावर पुन्हा उतरून ते मोकळे करायचे, हे माझ्या वडिलांना या वयात जमणार नाही, आणि शेतावर गाडी बहुतेक वेळा तेच नेतात. म्हणून सध्या व्हॅक्यूमच ठेवला आहे. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर तीन-चार किलोमीटर ‘४ एच’ लावून चालवतो आणि मेअखेरीस नळ्या बोटांनी दाबून पाहतो. यंदा टी-जोडाच्या पलीकडची डावी नळी कडक लागते आहे. तीही पाऊस सुरू होण्याआधी बदलणार आहे.