गोळ्यांचा डबा की मूळ पाकीट?

घरातल्या ज्येष्ठांना रक्तदाब, साखर, थायरॉईड असं सगळं एकदम लागलं, की सात दिवसांच्या खणांचा डबा आणावासा वाटतो. त्याचा मोठा फायदा एकच. “आई, सकाळची गोळी घेतलीस का?” याचं उत्तर रिकामा खण देतो आणि दुसऱ्यांदा गोळी घेणं टळतं.

पाकिटावर मात्र औषधाचं नाव, मिलिग्रॅम, बॅच, मुदत सगळं छापलेलं असतं. (केमिस्टने स्ट्रिप कापून दिली तर मुदतीचा भाग बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो, ती विचारून लिहून घ्यावी.) डब्यात दोन पांढऱ्या गोल गोळ्या पडल्या आणि डॉक्टरांनी त्यातली एक बंद केली, तर कुठली काढणार? शिवाय सगळ्या गोळ्यांना उघडं राहणं सोसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल मूळ वेष्टनातच ठेवायच्या असतात. फिट्सवरचं सोडियम व्हॅल्प्रोएट ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातला पावसाळा तर विचारायलाच नको.

माझं मत: डोस महिनोन्‌महिने तोच असेल तर डबा घ्यावा, पण भरणारं माणूस एकच हवं, समोर डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि पाकिटं जपून ठेवायला हवीत. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारखा डोस तपासणीनुसार बदलत असेल तर पाकीटच बरं. संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. ते वेगळं ठेवून, ठरलेल्या वारी घरच्यांनी हातात द्यावं.