४२ एसएच डिफ्यूज्ड मॅग्नेट: भाव चढा, पण माल खरा

भोसरीत आमचं मालवाहू ई-रिक्षांच्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरी बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. यंदा रोटरसाठी, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागासाठी, ४२ एसएच ग्रेडचे (४२ म्हणजे ताकद, एसएच म्हणजे जास्त तापमानाला टिकणारा प्रकार), डिस्प्रोशियम हा दुर्मिळ धातू बाहेरून आत मुरवलेले, म्हणजेच डिफ्यूज केलेले, निओडायमियम मॅग्नेट घेतले. वक्र आकार, जाडी ३ मिमी, वर निकेल-कॉपर-निकेल प्लेटिंग. साध्या एन ४२ पेक्षा बरेच महाग पडले, तरी पुढची ऑर्डर याचीच देणार आहे.

भरलेली गाडी मे महिन्यात घाट चढते तेव्हा रोटर १०० अंशांपुढे जातो आणि शिवाय स्टेटरचं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागातल्या कॉइलचं, उलट चुंबकीय क्षेत्र असतं. साध्या एन ग्रेडची मर्यादा ८० अंशांची. एकदा चुंबकत्व उतरलं की मोटर थंड झाल्यावरही ते परत येत नाही.

हे उतरणं सुरू होतं कणांच्या कडांपासून. सिंटर केलेला (पावडर दाबून, तापवून घट्ट केलेला) मॅग्नेट म्हणजे साधारण ५ मायक्रॉनचे कण, आणि दोन कणांमध्ये निओडायमियम जास्त असलेला जेमतेम २-३ नॅनोमीटरचा थर. हा थर सलग असेल तर एका कणाचं चुंबकत्व उलटलं तरी शेजारचा टिकून राहतो. तुटक असेल तर एकामागून एक कण उलटत जातात. डिफ्यूजनमध्ये डिस्प्रोशियम बाहेरून लावून ९०० अंशांच्या आसपास तापवतात. ते कणांमधल्या या थरांतून (ग्रेन बाउंड्रींमधून) आत झिरपतं आणि कणाच्या फक्त बाहेरच्या भागात शिरतं, त्यामुळे नेमकी कडच उलटायला अवघड होते. सगळ्या मिश्रधातूतच ते घातलं तर मॅग्नेटची ताकद घटते, कारण डिस्प्रोशियमचं चुंबकत्व लोखंडाच्या उलट दिशेला असतं. डिफ्यूजनमध्ये थोड्याशा डिस्प्रोशियमवर भागतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोशियमच्या निर्यातीला परवाना लावल्यापासून तर ही बचत फारच मोलाची आहे.

दोन्ही प्रकार ओव्हनमध्ये १२० अंशांवर रात्रभर ठेवले. थंड झाल्यावर गॉसमीटरवर (चुंबकीय क्षेत्र मोजायच्या यंत्रावर) एसएच जागच्या जागी होता, एन ४२ ठळक घसरला होता. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

काही नगांचे कोपरे मात्र उडालेले आले. असे नग वापरूच नका. तिथलं प्लेटिंग गेलेलं असतं, त्यामुळे दमट हवेत कणांमधला तोच थर आधी गंजतो आणि मग कण सुटून पावडर पडते. विक्रेत्याने ते बदलून दिले.

हे मॅग्नेट ग्राइंड करायचे नाहीत, डिस्प्रोशियम पृष्ठभागाजवळच जास्त असतं. फार जाड मॅग्नेटच्या मध्यापर्यंत ते पोचतही नाही, त्यामुळे तिथे डिफ्यूज्डसाठी जास्त पैसे मोजू नका. आणि ऑर्डर देताना डीमॅग कर्व्ह (उलट क्षेत्रात मॅग्नेट किती टिकतो याचा आलेख) २० अंशांचा नव्हे, १२० अंशांचा मागा. आम्हाला मागितल्यावर मिळाला.